शंभराला दहा कमी

हिंदुराव तळेकर एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकच विद्या पक्की केली. माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं. तोंड काय, काहीही बोलतं. शाळा म्हणाल तर केमच्या कौलारू शाळेत सातवीपर्यंत. पुढची सगळी सोलापूर आगाराच्या गाडीत, दांड्याला धरून, उभ्यानं.

आता मंद्रूपच्या बाजाराचीच गोष्ट घ्या. गाडी खचाखच भरलेली. एक बाई मांडीवर पोरगं घेऊन बसली होती आणि पोराचे पाय खाली टेकले होते. हिंदुरावांनी तिकीट विचारलं तर म्हणते कशी, "चार वर्साचं हाय ओ मास्तर, त्याला कशाचं तिकीट?" खेड्यापाड्यात तेव्हा कंडक्टरला मास्तरच म्हणायचे. हिंदुराव तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पोराकडं वळून सहज म्हणाले, "सात नव्वे?" पोरगं ताठ होऊन म्हणालं, "त्रेसष्ट!" अर्धं तिकीट फाटलं. सगळी गाडी हसली, ती बाईसुद्धा हसली, आणि उतरताना पोराच्या पाठीत एक धपाटा घालून गेली.

तर असा माणूस. निवृत्त झाला, कुंभारीत दोन खोल्या बांधून राहिला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. गॅसची टाकी आली की आधी काट्यावर. दुधात बोट बुडवून थेंब कसा ओघळतो ते रोज बघणार. कलिंगडाच्या गाड्यावर एवढी ठोकाठोक करायचे की गाडेवाला एकदा वैतागून म्हणाला, "मामा, दार उघडून घ्यायचंय का फळ घ्यायचंय?" वच्छलाबाई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. "तुमी वर गेला तर चित्रगुप्ताचीच वही तपासायला मागताल," म्हणायच्या.

एवढ्या हजार गोष्टी सांगणारा माणूस, पण आपल्या नोकरीतली एक गोष्ट तो कधी काढत नसे. ती पुढं येईल.

नाण्यांची शाळा निघाली ती नातीमुळं. संस्कृती दुसरीत. वच्छलाबाईंनी तिला चहाच्या पुड्याला सुटे सत्तावीस रुपये दिले आणि कोपऱ्यावरच्या गुरुशांतच्या किराणा दुकानात पाठवलं. पुडा वीसचा. पोरगी पुडा नाचवत परत आली.

"किती दिलंस गं?" हिंदुरावांनी विचारलं.

"सगळं."

"आनि परत किती आलं?"

संस्कृतीनं डोळे मोठे केले. "परत येतंय व्हय, आबा?"

हिंदुराव तसेच खाटेवर बसले. त्यांच्या घराण्यात, कंडक्टरच्या घरात, हे पोर! मग विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की पोरीचं तरी काय चुकलं? तिचा बाप दुकानात जातो, मोबाइल पुढं धरतो, दुकानातली डबी बाईच्या आवाजात ओरडते आणि खरेदी झाली. पोरीच्या लेखी पैसा म्हणजे एक आवाज. हाताला तो कधी लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरची चामड्याची पिशवी काढली, खोबरेल लावून मऊ केली आणि तिच्यात मोजून शंभर रुपये घातले. दहाची पाच, पाचाची सहा, दोनाची सात आणि रुपयाची सहा. चोवीस नाणी. घरासमोर लिंबाचा पार आहे, त्यावर साडेचार वाजता शाळा सुटल्यावर पोरं बसवली. संस्कृती, शेजारपाजारचे तिसरीतला इंद्रजीत आणि चार वर्षांचा प्रभू, आणि मागच्या बोळातली शिवलीला. शिवलीला सात वर्षांची. आई शरणम्मा विड्या वळायची, घरात कानडी बोलायचे, म्हणून ती हिंदुरावांना अज्जा म्हणायची.

पिशवीशेजारी हिंदुरावांनी आणखी एक गोष्ट मांडली. गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा. एकतीस वर्षांत लोकांनी गर्दीत गळ्यात मारलेली सगळी नाणी त्यात होती. बंद झालेल्या चाराण्या, कडा घासून बारीक केलेला रुपया, नेपाळचं एक नाणं, आणि अक्कलकोट नाक्यावर अंधूक उजेडात एका म्हाताऱ्यानं रुपया म्हणून दिलेलं पितळेचं बटण. बटणावर घोडा होता. त्या घोड्याची गोष्ट सांगायलाच पहिला अर्धा तास गेला.

"ध्यानात ठिवा," गोष्ट संपवून ते म्हणाले, "जे नाणं दुकानात चालत न्हाय, ते पिशवीत ठिवायचं न्हाय. ह्या डब्यात टाकायचं. ह्येचं नाव खोट्यांचा डबा."

एवढं बोलून त्यांनी डबा बाजूला सरकवला आणि त्यानंतर त्याच्याकडं वळून बघितलं नाही. चोरण्यासारखं ज्यात काही नाही, त्याच्यावर कंडक्टर कशाला नजर ठेवील?

शिकवायची तऱ्हा गाडीतलीच. चालत्या गाडीत कंडक्टर नाणी डोळ्यांनी मोजत नाही, बोटांनी मोजतो. "डोळं मिटा," म्हणायचे. "दहाच्या नाण्यावर बोट फिरवा. मधी शिवण लागती का न्हाय? दोन धातू जोडलेत तितं." मग गाडीचा खेळ. एक जण कंडक्टर, बाकीचे प्रवासी. कुंभारी ते सोलापूर अठरा रुपये. भाडं हिंदुरावांनी मनानंच ठरवलेलं. प्रवाशानं वीस द्यायचे, कंडक्टरनं दोन परत. प्रभूला मोजता येत नव्हतं म्हणून तो ड्रायव्हर. आणि शेवटी भरणा, म्हणजे आगारात रात्री जमा करायचे तसे शंभर रुपये चवडी लावून हिंदुरावांच्या पुढं मांडायचे.

चवडी लावायला शिवलीलेसारखं कुणी नाही. पिशवीत हात घातला की मुठीत पाच नाणी. चार नाही, सहा नाही, पाच. आई विड्यांची पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधते, पाच मुठींचं एक बंडल, ते पोरीच्या हातात उतरलेलं. हिंदुराव खूश झाले. "ह्या पोरीला मंद्रूपच्या गाडीत उभी केली तर मी खाली उतरून चालत जाईन!" म्हणाले आणि रोजच्या चवडी तिच्याकडं सोपवल्या.

महिनाभर शाळा झकास चालली. मग एका सोमवारी भरणा नव्वदच भरला.

हिंदुरावांनी पुन्हा मोजला. नव्वद. बोटांनी मोजला, डोळ्यांनी मोजला. दहाची चारच. पोरांना काही न बोलता त्यांनी पिशवी बंद केली आणि घरात येऊन बरणीतलं एक दहाचं नाणं तिच्यात टाकलं. त्या नाण्यांची त्यांच्याकडं बरणीच भरलेली होती. कारण असं की दहाचं नाणं बंद झालंय अशी आवई त्या भागात वर्षानुवर्षं फिरत होती. गुरुशांत तर ते गल्ल्यावर ठेवूच देत नसे. हिंदुराव त्याच्याशी भांडायचे, "सरकारनं बंद केलंय का तुझ्या सासऱ्यानं?" पण आवई ती आवई. घेईनात लोक.

मंगळवारी पुन्हा नव्वद. पुन्हा बरणीतलं एक नाणं पिशवीत, आणि पुढं रोज तसंच.

आता हिंदुरावांच्या अंगात जुनं वारं संचारलं. आधी घरचा तपास. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या.

"पिशवीतनं दहा रुपये घेतलाव काय?"

"कशाला?"

"भाजीला."

"भाजीवाला घेत न्हाय ते नाणं. आनि घेतले असते तर शंभरच घेतले असते की, दहासाठी कोण चोरी करतंय?"

उत्तर सरळ होतं, म्हणूनच हिंदुरावांना ते जरा जास्तच सरळ वाटलं. बुधवारी त्यांचा संशय प्रभूवर गेला. प्रभूला सापडेल ती वस्तू तोंडात घालायची सवय. भरणा नव्वद निघाल्याबरोबर त्यांनी प्रभूचं तोंड उघडून टॉर्च मारला आणि त्याच्या आईला उद्या सकाळी जरा लक्ष ठेव म्हणून सांगितलं. बिचारीनं ठेवलं. निष्पन्न काही झालं नाही.

गुरुवारी ते पारावर बसले ते गाडीत शेवटच्या बाकावर बसल्यासारखे. गोष्ट नाही, विनोद नाही. इंद्रजीतचे हात बघितले. तो सारखा नाक पुसत होता, नाण्याला हात कमीच. संस्कृती बडबड करत होती. राहिली शिवलीला. सगळ्या नाण्यांना रोज पहिला हात तिचाच. चवडी लावताना तिची बोटं एवढी भराभर चालायची की एकतीस वर्षांची नजरसुद्धा मागं पडायची. पूर्वी त्या बोटांचं कौतुक वाटायचं. आज त्याच बोटांचा संशय आला.

भरणा नव्वद.

शिवलीला घरी निघाली तसे हिंदुराव वीस पावलं मागं ठेवून निघाले. मागच्या बोळात तिचं घर. शरणम्मा उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. शेजारी एक पत्र्याचा डबा. वळलेल्या विड्या ती चाचपायची, मधेच एखादी नखानं उडवून त्या डब्यात टाकायची. हिंदुरावांचं लक्ष डब्यावर खिळलं. ते भिंतीआड खाली वाकून बसले.

"काय बघलालाव ओ मामा?" समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली.

"चपलेचा अंगठा तुटलाय."

"पायात तर बूट हाय की!"

हिंदुराव तडक घरी आले. जेवायच्या आधी त्यांनी सगळा प्रकार वच्छलाबाईंना सांगितला आणि वर म्हणाले, "उद्या धरतो. पोरगीच हाय ती. आईच्या डब्यात जात असतील."

वच्छलाबाईंनी तवा खाली उतरवला. "मला एक सांगा. चोरून न्हेलं, तर खपवलं कुटं? गुरुशांत दहाचं नाणं घेत न्हाय, भाजीवाला घेत न्हाय, गिरणीवाला घेत न्हाय. मग पोरगी ते न्हिऊन करती काय? मुरमुऱ्यासारखं खाती?"

बोलणं बिनतोड होतं. पण बिनतोड म्हणजे खरं असं नाही, हेही ते गाडीतच शिकले होते. "कारखान्याच्या दारात चहावाला घेतोय म्हणं," ते पुटपुटले.

"घेऊ द्या. तुमी उद्या चारचौघांत तिला चोर म्हणशीला. दहा रुपये सापडतील न सापडतील, नाव चिकटंल. तुमाला म्या सांगायला पायजे व्हय? तुमचं 'अकरा' अजून निघालंय का?"

ही ती गोष्ट. बरीच वर्षं झाली तिला. अक्कलकोटच्या वाटेवर तपासणीवाल्यांनी गाडी थांबवली. हिंदुरावांच्या पिशवीत तिकिटांच्या हिशेबापेक्षा अकरा रुपये जास्त निघाले. स्वतःचे चहाचे पैसे होते. गर्दीत शर्टाच्या खिशातून पिशवीत पडले असतील. पण कंडक्टरनं खाजगी पैसे निघतानाच लिहून द्यायचे असतात आणि त्यांनी ते लिहिले नव्हते. साहेबानं चाळीस प्रवाशांसमोर खिसे उलटे करायला लावले. खाकी पँटीचे दोन पांढरे खिसे बाहेर लोंबत होते. का, कसं, हे एकानंही विचारलं नाही; नुसता कागद लिहिला. पगारवाढ थांबली ती वर्षभरानं सुटली, पण आगारात नाव पडलं ते सुटलं नाही. "अकरा आला का रे?" "अकराची ड्युटी कुटं हाय?" निरोपसमारंभाच्या हारातसुद्धा कुणीतरी अकरा फुलं मोजली होती.

म्हणून शिवलीलेला नाव ठेवायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीपण हातातून रोज दहा जातायत, आपल्या डोळ्यांदेखत, ही ठसठस जास्त होती.

शुक्रवारी सकाळी दुधाची किटली घेऊन ते शरणम्माच्या मागं विडी कारखान्यापर्यंत गेले. चहाच्या टपरीआडून बघत राहिले. शरणम्मानं चहा घेतला नाही. टपरीकडं बघितलंसुद्धा नाही. रांगेतून पुढं सरकली, बंडलं मांडली. चेकर म्हणजे विड्या तपासणारा बाबा. त्यानं एक बंडल उचललं, अंगठ्यानं फिरवलं, तीन विड्या काढून बाजूच्या टोपल्यात टाकल्या. दुसऱ्यातून दोन. का काढल्या ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पदराआडच्या पुडीतून तिनं पाच विड्या काढल्या आणि भर घातली. छाट म्हणतात तिकडं याला. जी विडी नापास ती छाट. तिचे पैसे नाहीत, आणि भर आपल्या पदरची. पदराआड तिच्याकडं त्याचसाठी जास्तीच्या विड्या वळून ठेवलेल्या असतात. उंबऱ्यातल्या डब्याचा उलगडाही झाला, तिनं स्वतःच आधी काढलेल्या वाईट विड्या होत्या त्यात.

म्हणजे आईचे हात साफ. हिंदुराव परत फिरले आणि वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं, मग पोरगीच. आता सापळा.

सुनेच्या आरशापुढं नखाला लावायचा लाल रंग होता. त्यांनी पिशवीतल्या पाचही दहाच्या नाण्यांवर एकेक टिपका दिला, फुंकर घालून वाळवला. आता नाणं कुठंही निघू दे, टिपका बोलेल. स्वतःवरच इतके खूश झाले की त्या दिवशी दुधात बोट घालायचं विसरले.

साडेचारला पोरं आली. शिवलीलेनं पिशवी ओतली, चवडी लावल्या, गाडीचा खेळ झाला. प्रभूनं गाडी दोनदा लिंबावर घातली. मग भरणा. हिंदुरावांनी चवडींवरून बोट फिरवलं. पाचाची सहा, दोनाची सात, रुपयाची सहा.

दहाचं एकही नाही!

रोज दहा जायचे, आज सापळा लावला तर एकदम पन्नास. हिंदुराव पारावरून उठले ते साहेबासारखेच उठले. "कुणीबी जागचं हलायचं न्हाय. उभं ऱ्हावा वळीनं. खिसं उलटं करा!"

नेमकी त्याच वेळी शरणम्मा बोळातून आली. बहीण आली होती म्हणून लेकीला न्यायला. समोरचं बघून ती थांबली. दोन-चार बायका दारात आल्या. गुरुशांत गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या पायरीवर आला.

"सापडला काय मास्तर चोर?" तो म्हणाला.

प्रभूनं सगळ्यात आधी खिसे उलटे केले. पाच चिंचोके, एक गोटी, अर्धं बिस्कीट खाली पडलं. दोन्ही खिसे कुत्र्याच्या कानासारखे बाहेर लोंबत होते आणि पोरगं हसत होतं, त्याला खेळच वाटला. इंद्रजीत मात्र हसत नव्हता. त्याची हनुवटी हलायला लागली होती. शिवलीलेच्या झग्याला खिसाच नव्हता. ती नुसती हात पसरून उभी राहिली. आणि शरणम्मा? तिला कुणी काही म्हटलेलं नव्हतं. तरी तिनं हातातली कापडी पिशवी मुकाट्यानं खाली ठेवली आणि पालथी केली. दोऱ्याचं रीळ, कात्री, एक लिंबू. कुणी तपासायला उभं राहिलं की सांगायच्या आधीच समोर मांडायचं, अशी सवय झालेल्या माणसासारखी.

हिंदुरावांच्या तोंडात शब्द आला होता. जिभेच्या टोकावर होता. प्रभूचे ते पांढरे खिसे त्यांना दिसले आणि तो शब्द तिथंच अडकला.

चार दिवस झाले. त्यांनी वच्छलाबाईंची उलटतपासणी घेतली, प्रभूचं तोंड उघडलं, भिंतीआड बसले, टपरीआड उभे राहिले, सापळा लावला. पण एक गोष्ट केलीच नव्हती. ज्या पोरीच्या हातात नाणी होती, तिला विचारलंच नव्हतं.

ते खाली बसले, तिच्या उंचीएवढे झाले. आवाज कसाबसा खाली आणला. "शिवू, बाळ, आपलं शंभर का भरंना? दहाची नाणी कुटं हायेत?"

"छाट काढली की, अज्जा," शिवलीला म्हणाली. एवढं साधं विचारल्यावर अजून काय सांगायचं, असा तिचा चेहरा. पारावर चढून तिनं खोट्यांचा डबा उघडला. चाराण्या आणि घोड्याच्या बटणावर, एकावर एक, नऊ दहाची नाणी बसली होती. चार काळवंडलेली, पाच लाल टिपक्यांची.

"दुकानात चालत न्हाय ते डब्यात टाकायचं, तुमीच म्हणला की. गुरुशांतमामा घेत न्हाय, त्या रविवारी आईचं परत दिलं त्येनं."

"मग रोज एकच का काढायचीस?"

"चेकरमामा बी सगळं काढत न्हाय. वाईट तेवढंच. काळं पडलेलं." मग ती जरा नाराजीनं म्हणाली, "आज तर तुमी सगळीच डागाची आणला."

"आनि मला सांगायचं न्हाय व्हय गं?"

शिवलीलेनं आईकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नाही. "छाट काढताना कुणी बोलतंय व्हय?"

दारातल्या बायकांमधून कुणीतरी फुसकन हसलं. वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. हिंदुरावांनी मात्र ती नऊ नाणी बोटांनी मोजली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताकडं बघितलं, आणि माल आपल्याच डब्यात, आपणच सांगितलेल्या जागी. मग त्यांनी उठून आपल्या लेंग्याचे दोन्ही खिसे उलटे केले. एकात तपकिरीची डबी, एकात सुनेच्या नखांच्या रंगाची बाटली.

"बघून घ्या," ते पोरांना म्हणाले. "कंडक्टरची तपासणी ऱ्हायली होती."

बाटली बघून संस्कृती किंचाळली, "आबा, आई चार दिवस शोधायलीय ती!" खरं म्हणजे एकच दिवस, पण साक्षीदार फुगवून सांगतातच. त्यानं इंद्रजीतची हनुवटी थांबली.

शरणम्मा रीळ, कात्री, लिंबू पिशवीत भरत होती. हिंदुराव तिच्याजवळ गेले. "चुकलं माजं, शरणम्मा. मला वाटलं..." पुढचं तिनं बोलूच दिलं नाही.

"आमचं छाट का झालं, आमाला कोण सांगत न्हाय, मामा. पोरीनं बघून बघून तेच उचललं." पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "तुमी इचारलाव तरी."

गुरुशांत हळूच दुकानाकडं सरकत होता. हिंदुरावांची नजर त्याच्यावर पडली. "थांब," ते म्हणाले आणि नऊ नाणी शिवलीलेच्या ओंजळीत ओतून सगळी गाडी दुकानावर नेली. प्रभू पुढं, हॉर्न वाजवत.

शिवलीलेनं लाल टिपक्याचं एक नाणं गल्ल्यावर ठेवलं. "पाचाचा बिस्कीटपुडा."

"हे बंद झालंय गं."

"का?" पोरगी म्हणाली.

"का म्हंजे? चालत न्हाय."

"छाट का केलं ते सांगा की, मामा."

गुरुशांतनं नाणं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, कडाप्प्याच्या फरशीवर टणकन वाजवलं. सगळी बायामाणसं बघत होती. "तसं... कारण काय न्हाय," तो म्हणाला. "सगळीच म्हणतेत म्हणून."

"मंग घ्या," वच्छलाबाई मागून म्हणाल्या.

त्यानं घेतलं. पुडा दिला आणि गप्पकन गल्ला लावला. शिवलीला हात पसरून उभीच. पाच रुपये हातावर पडल्यावर तिनं डोळे मिटले, बोट फिरवलं आणि मगच पुडा फोडला.

त्या दिवसापासून पारावरच्या शाळेत एक कलम वाढलं. कुणी नाणं डब्यात टाकलं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून टाकायचं आणि कारण सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर नाणं परत पिशवीत. पहिल्याच दिवशी शिवलीलेनं घोड्याचं बटण वर धरून विचारलं की हे म्हाताऱ्यानं का दिलं, आणि हिंदुरावांना ती गोष्ट पुन्हा अर्धा तास सांगावी लागली. या खेपेला बटणाबरोबर म्हाताऱ्याची एक घोडीही आली.

लाल टिपक्यांची ती पाचही नाणी त्या महिन्यात गुरुशांतच्या गल्ल्यातून गिरणीत, गिरणीतून भाजीवाल्याकडं अशी फिरत राहिली. दिवाळीच्या आधी त्यातलं एक पिठाच्या सुट्ट्या पैशांत हिंदुरावांच्या हातात आलं. त्यांनी ते ओळखलं, हसले, पिशवीत टाकायला निघाले. मग थांबले. उन्हाकडं धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि गिरणीवाल्याला म्हणाले,

"अजून दोन रुपये ऱ्हायलं की रं."

राहिले होते.